‘बाटवणे’ या क्रियापदाचा कर्ता

निवृत्त झाल्यावर माझ्याकडे शिकवणीला आलेली पहिली विद्यार्थिनी सिस्टर होती. दोन्ही अर्थांनी सिस्टर, म्हणजे ननही आणि नर्सही. मूळची केरळची, बदली होऊन मिरजेत आलेली. पेशंट काय सांगतात ते नीट कळायला हवं, म्हणून तिला मराठी शिकायची होती. ‘ळ’ तिला आमच्या वर्गातल्या पोरांपेक्षा चांगला यायचा. छळलं ते लिंगांनी. खुर्ची ती का, टेबल ते का, याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तिनं वहीत लिहून आणलं, ‘मी सकाळी प्रार्थना केलो.’ मी सवयीनं लाल पेन काढलं, ‘केलो’ खोडून ‘केली’ केलं आणि कर्मणी प्रयोग समजावला. प्रार्थना स्त्रीलिंगी, क्रियापद कर्माच्या मागून जातं, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण सर, वॉर्डातल्या मावशी म्हणतात, मी जेवण केलो. भाजीवाली म्हणते, मी चहा पिलो. त्या सगळ्या चुकतात?”

आता आली पंचाईत. कारण मिरज-सांगलीत, कानडीच्या शेजारामुळे असेल, बाई असो की बाप्या, ‘मी काम केलो’ हीच बोली आहे. छत्तीस वर्षं मी ती वह्यांमधून खोडत आलो आणि घरी जाऊन स्वतः तीच बोललो. प्रमाण मराठीत ‘मी आंबा खाल्ला’ म्हटलं की क्रियापद आंब्याच्या दावणीला बांधलेलं असतं. आमच्याकडे ते ‘मी’ला बांधलेलं असतं. खाणारा मी आहे ना, मग आंब्याचं काय एवढं?

त्याच आठवड्यात गावात धर्मांतराविरुद्ध सभा झाली. शेंगा खात कडेला उभा राहून मी ती ऐकली. त्यातला एक वक्ता तयारीचा होता, आवाज खणखणीत. ‘आपली माणसं बाटवली जात आहेत’, ‘गोव्यात बाटवलं, वसईत बाटवलं, आता इथं बाटवतायत’. तासाभरात ते क्रियापद इतक्या वेळा आलं की मी मोजायचं सोडून दिलं. मास्तर माणूस, मला भाषणापेक्षा त्याचं व्याकरणच जास्त ऐकू येत होतं. बाटणे, बाटवणे. प्रयोजक क्रियापद. बसणे-बसवणे, झोपणे-झोपवणे, तसंच हे. प्रयोजक क्रियापदात खरा कर्ता बाहेरचा असतो, आणि ज्याच्यावर क्रिया होते तो झोपवलेल्या बाळासारखा पडून असतो.

माझं भांडण या क्रियापदाशी आहे. कॅथलिक पंथ जगभर कसा पसरला याचा इतिहास मी आवडीनं वाचत आलो आहे. ठिकठिकाणचे प्रसंग समोर ठेवले तर हे क्रियापद काही ठिकाणी बसतं आणि बहुतेक ठिकाणी साफ फसतं. जिथं फसतं तिथं आपण आपल्याच माणसांचा कर्तेपणा खोडून टाकतो. मी सिस्टरची वही खोडली तसा.

आधी जिथं ते बसतं तिथं जाऊ. गोवा. अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली, पुढे साष्टीतलीही. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, आणि मध्ये काही वर्षं बंद होतं ते सोडलं तर १८१२ पर्यंत टिकलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. याला सक्ती म्हणतात, दुसरा शब्द नाही. ‘त्या काळी सगळेच असं करायचे’ म्हणून ती सौम्य करायची मला गरज वाटत नाही. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, न्यावी लागली. त्या प्रियोळला आणि कवळ्याला आज आपण गाड्या करून दर्शनाला जातो.

पण नदीपलीकडे राज्य कुणाचं होतं? अंत्रुज आदिलशाहीच्या छत्राखाली होता. म्हणजे पोर्तुगीजांपासून पळालेल्या हिंदू देवांना आसरा मिळाला तो विजापूरच्या सुलतानाच्या हद्दीत. त्याच आदिलशाहीत आमची मिरज होती आणि साताऱ्याचा किल्लाही होता. हे सांगितलं की लोक जरा गप्प होतात. पुढचं सांगितलं की आणखी गप्प होतात, कारण त्याच पोर्तुगीजांपासून पळून त्याच आदिलशाहीत एक कॅथलिक बिशपही आसऱ्याला आला होता.

मातेउश द कास्त्रु हे त्याचं नाव. गोव्याच्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं, पण देशी माणसाला दीक्षा द्यायला गोव्याच्या आर्चबिशपची तयारी नव्हती. हा पठ्ठ्या सरळ रोमला गेला. तिथं शिकला, दीक्षा घेतली, आणि १६३७ मध्ये बिशप झाला. त्याला नेमून दिलेला मुलूख होता ‘इदलकान’. पोर्तुगीज तोंडातून आलेला ‘आदिलखान’ तो. गोव्यातल्या पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याला बिशप मानायलाच नकार दिला, तेव्हा तो आदिलशाहीतल्या डिचोलीत जाऊन राहिला आणि तिथं त्यानं चर्च बांधलं. विजापूरकरांना गोव्याविरुद्ध चिथावल्याचा आळही पोर्तुगीजांनी त्याच्यावर घेतला. कागदोपत्री पाहिलं तर मिरज-साताऱ्याचा पहिला कॅथलिक बिशप गोरा साहेब नव्हता. पोर्तुगीजांशी उभा दावा मांडलेला दिवाडीचा माणूस होता तो. साधूही नव्हता. जातीचा ताठा त्यानं सोडला नव्हता, आणि गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना पोर्तुगीज पाद्र्यांविरुद्ध उठवण्यासाठी त्यानं लिहिलेल्या पत्रकात तो ताठा लख्ख दिसतो. पण ‘बाटवलेला’ म्हणून त्याची बोळवण करून बघा. होत नाही.

हे भांडण एकट्याचं नव्हतं. पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांना पोपनं आपापल्या मुलखात चर्च चालवण्याचे हक्क दिले होते. बिशप कोण, पाद्री कोण, सगळं राजा ठरवणार. हे हातातून गेलं हे रोमला उशिरा कळलं, मग १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी वेगळं खातं काढलं. त्या खात्यानं १६५९ मध्ये आशियात निघालेल्या आपल्या बिशपांना बजावलं होतं की लोकांचे रीतिरिवाज बदलायला जाऊ नका, फ्रान्स-स्पेन उचलून चीनमध्ये नेण्याइतकं हास्यास्पद काय असेल? सूचना झकास होती, पाळली गेली अधूनमधून. गोव्याच्या आर्चबिशपच्या गादीवर पहिला गोवेकर बसला तो १९७८ मध्ये. गादी १५५७ ची. चारशे एकवीस वर्षं.

आता विहिरीतला पाव. वसई-गोव्याकडची ही दंतकथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पोर्तुगीज पाद्र्यानं रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावानं पाणी प्यालं, आणि गाव बाटलं. खरं असेल-नसेल, पण गोष्ट म्हणून ती नीट वाचा. पाद्र्यानं केलं काय? एक पाव टाकला. गावाला धर्मातून बाहेर कुणी काढलं? शेजारच्या गावानं, जातपंचायतीनं, ज्यांनी ‘आता तुमच्या हातचं पाणी चालत नाही’ म्हणून दार लावून घेतलं त्यांनी. या गोष्टीत ‘बाटवणे’चा कर्ता कोण, असा प्रश्न मी परीक्षेत घातला असता तर ‘पाद्री’ लिहिणाऱ्याला अर्धाच मार्क दिला असता. दार उघडताही येत होतंच. नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये परत हिंदू धर्मात घेतलं. फलटणच्या बजाजी निंबाळकरांचीही अशीच गोष्ट साताऱ्याकडे सांगतात. पण ही दारं सरदारांसाठी उघडली. विहिरीवरच्या माणसासाठी उघडल्याचं फारसं ऐकलं नाही.

आणि वसईचंच बघायचं तर चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, तलवार गेली, राज्य पेशव्यांचं आलं. तरी वसईचे सामवेदी, वाडवळ आणि बाकीचे कॅथलिक कॅथलिकच राहिले, आपापल्या बोलीत बोलत आणि केळीच्या बागा शिंपत. त्यांच्यातलेच एक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सक्तीनं आलेली गोष्ट सक्ती संपल्यावर अडीचशे-पावणेतीनशे वर्षं का टिकते, या प्रश्नाला सभेतल्या वक्त्याकडे उत्तर नसतं. उत्तर हेच की कधीतरी त्या लोकांनी ती आपली मानली.

त्यातही भाषेचा वाटा मोठा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातला धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्यानं मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुराणाच्या आरंभीच असा प्रसंग येतो की एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो, आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला काहीतरी द्या. मला ही मागणी फार बोलकी वाटते. एका हातानं पोथ्या काढून घेणारं चर्च आणि दुसऱ्या हातानं ओवी लिहिणारं चर्च एकाच गावात होतं, आणि त्या दोहोंमधून आपलं काय ते मागून घेणारा माणूसही होता.

दक्षिणेला तामिळ किनाऱ्यावर मोती काढणारे परवर कोळी होते. सेंट झेवियरनं तिथं इतके बाप्तिस्मे दिले की त्याचे हात दुखायला लागले, असं त्यानंच पत्रात लिहून ठेवलं आहे, आणि तेवढंच जगाच्या लक्षात राहिलं. पण झेवियर भारतात आला १५४२ मध्ये. परवरांनी त्याआधी पाचसहा वर्षं, मोत्यांच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांशी वैर पेटल्यावर, स्वतःहून माणसं पाठवून पोर्तुगीजांशी बोलणी केली होती. संरक्षण द्या, आम्ही तुमचा धर्म घेतो. सौदाच होता तो. जमातीनं बसून, विचार करून केलेला. झेवियरला भेटले ते कधीच ख्रिस्ती झालेले, फक्त प्रार्थना न येणारे लोक.

कोरियाची तऱ्हा सर्वांत न्यारी. तिथं मिशनरी गेलाच नाही, गेली ती पुस्तकं. चीनमधल्या जेझुइटांनी चिनी भाषेत लिहिलेली धर्माची पुस्तकं कोरियन विद्वानांच्या हाती पडली, त्यांनी आपापसांत अभ्यासमंडळ चालवलं आणि १७८४ मध्ये त्यांच्यातला यी सुंग-हुन बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन परत आला. मग यांनीच एकमेकांना बाप्तिस्मे दिले. पहिला धर्मगुरू पोचायला आणखी दहा वर्षं गेली, आणि तोही चिनी होता. पुढची शंभर वर्षं राजानं त्यांची मुंडकी उडवली. आज तिथं दर दहा माणसांमागे एक कॅथलिक आहे. आता इथं ‘बाटवणे’चा कर्ता शोधा. पुस्तक?

जपानात झेवियर १५४९ मध्ये उतरला, १६१४ मध्ये धर्मावर बंदी आली, पाद्री हाकलले किंवा मारले गेले. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये एक फ्रेंच पाद्री उभा असताना जवळच्या उराकामी गावच्या काही बायका हळूच जवळ आल्या आणि कुजबुजल्या की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, मरियेची मूर्ती कुठं आहे? अडीचशे वर्षं धर्मगुरू नाही, चर्च नाही, कान्नोन या बौद्धांच्या करुणेच्या देवतेच्या मूर्तीला मरिया समजून नमस्कार. हे कुणी करवून घेत नसतं.

आफ्रिकेत काँगोच्या राजानं १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा मुलगा अफोन्सु पक्का कॅथलिक. त्याच अफोन्सुनं १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला खरमरीत पत्रं लिहिली की तुमचे व्यापारी माझी माणसं, सरदारांची मुलंसुद्धा, पळवून गुलाम म्हणून विकतायत, हे थांबवा. धर्म घेतला आणि देणाऱ्याला त्याच धर्माच्या भाषेत जाब विचारला. व्यापार थांबला नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे किम्पा विटा नावाची पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, येशू जन्मला तो आमच्या काँगोत. तिला १७०६ मध्ये जाळलं. मेक्सिको आणि फिलिपिन्समध्ये मात्र स्पॅनिश सत्तेचा हात उघड आहे, त्याला मी फाटे फोडणार नाही. फिलिपिन्समध्ये आज दर पाचांतले जवळपास चार कॅथलिक आहेत ते तीन शतकांच्या स्पॅनिश राज्यामुळेच. तरी मेक्सिकोच्या तेपेयाक टेकडीवरची ग्वादालुपेची सावळी माउली स्पेनहून जहाजातून उतरली नव्हती. परंपरेप्रमाणे १५३१ मध्ये ती एका तिथल्याच गरीब माणसाला दिसली आणि त्याच्याच भाषेत बोलली. आपल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला श्रीरामपूरकडे लाखोंनी माणसं जातात, नवस बोलतात. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

छोटा नागपूर मात्र आपल्याला सर्वांत जवळचं वाटेल, कारण तिथली गोष्ट सातबाऱ्याची आहे. मुंडा आणि उराव लोकांच्या जमिनी जमीनदार बळकावत होते, वेठबिगारी होती, आणि कोर्टात कागद जमीनदाराच्या बाजूनं बोलत होते. १८८५ मध्ये बेल्जियमचा जेझुइट कॉन्स्टंट लिव्हेन्स तिथं पोचला. त्यानं कुळांचा कायदा वाचून काढला आणि लोकांच्या खटल्यांमागे उभा राहिला. गावंच्या गावं त्याच्याकडे आली. पापातून सुटका हवी म्हणून आली असतील, पण आधी बिगारीतून सुटका हवी होती. आमिषच की हे, असं कुणी म्हणेल. मग वकील लावणाऱ्या प्रत्येकाला आमिष दाखवलं म्हणायचं का? आणि त्याच मुलखातला बिरसा मुंडा जर्मन मिशनच्या शाळेत शिकला, ख्रिस्ती म्हणवला, आणि मग मिशन सोडून त्यानं स्वतःची वाट काढली. येताना जो कर्ता होता तो जातानाही कर्ता होता.

आमिषाचा मुद्दा आमच्या गावात तरी टिकू नये. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट होते. कॅथलिकांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण आमच्याकडे ‘मिशन’ म्हटलं की सगळे एकाच पोत्यात, म्हणून सांगतो. नाताळ हा शब्दसुद्धा कॅथलिक पोर्तुगिजांचा. वानलेससाहेबांच्या वॉर्डातही सणाला नाताळच म्हणत. तर शंभराहून जास्त वर्षं दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक बैलगाडीतून, रेल्वेतून, पुढे रिक्षातून त्या हॉस्पिटलात आला. कोल्हापूर, बेळगाव, विजापूर, पंढरपूरपर्यंतची माणसं. माझ्या आईचं ऑपरेशन तिथलं. औषधानं माणूस ख्रिस्ती होत असता तर मिरजेत एव्हाना मीरासाहेबांच्या उरुसाला आणि गणेशोत्सवाच्या कमानींना माणूस मिळाला नसता. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट कॅथलिक नन्सनी १८९५ मध्ये सुरू केलं. पिढ्यान् पिढ्या श्रीमंतांच्या मुली तिथं शिकल्या आणि बाहेर पडताना सोबत काय घेऊन गेल्या? उच्चार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नव्हते, पावणेअकरा लाखांच्या आसपास. देशात १९५१ मध्ये २.३ टक्के होते, २०११ मध्येही २.३ टक्केच.

मराठी भाषा स्वतःच या बाबतीत दुटप्पी वागते, आणि तेच मला जास्त बोचतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ‘ख्रिस्ती धर्म स्वीकारला’. शेवटची वर्षं ते साताऱ्यात राहिले, तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांच्याविषयी घराघरांत कडवट बोललं गेलं, पण पुस्तकात क्रियापद आलं ‘स्वीकारला’, कारण पंडित माणूस, विचार करूनच करणार. त्याच काळात नगरकडे जे महार-मांग ख्रिस्ती झाले ते ‘बाटले’. गव्हासाठी, दुष्काळात. म्हणजे विचार करायला पोट भरलेलं असावं लागतं, ही अट आपण क्रियापदातच घालून ठेवली. उलट १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला काय झालं? लाखो लोकांनी धम्मदीक्षा ‘घेतली’. ‘बाटवली’ असं म्हणायची आज कुणाची छाती नाही, कारण ते क्रियापद बाबासाहेबांनी आणि त्या माणसांनी स्वतः ठरवलं. येवल्याच्या घोषणेपासून एकवीस वर्षं सगळे धर्म चाचपून मग घेतलेला निर्णय होता तो. ‘घेणे’ हे क्रियापद मराठीत आहे. आपण ते सगळ्यांना देत नाही, एवढंच.

कायदाही याच व्याकरणानं लिहिला जातो. ओडिशाचा १९६७ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा हा स्वातंत्र्यानंतरचा अशा प्रकारचा पहिला. सक्ती, आमिष, फसवणूक यांनी कुणी कुणाचं धर्मांतर केलं तर शिक्षा. सक्तीला आणि फसवणुकीला शिक्षा हवीच, त्यात वाद नाही. पण पुढे वाचा. शिक्षा एक वर्षाची. मात्र धर्मांतर झालेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांची. चाळीस वर्षांची बाई, दलित शिक्षक, आदिवासी तहसीलदार आणि दहा वर्षांचं पोर, सगळी एका ओळीत. यांना भुलवता येतं, बाकीच्यांना नाही, असं कायदा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये हा कायदा आणि मध्य प्रदेशातला १९६८ चा कायदा वैध ठरवला, आणि धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं सांगितलं. न्यायालयाचा निर्णय मान्य. पण तिथंही प्रश्न विचारला गेला तो धर्मांतर ‘करवणाऱ्या’च्या हक्काचा. ‘करणाऱ्या’चं काय, हा खटला कुणी लढवला नव्हता. आपल्याकडे असा कायदा हवा म्हणून मोर्चे निघाले तेव्हा माझं एकच म्हणणं होतं: मोर्चा काढा, पण जिच्यासाठी काढताय त्या बाईला स्टेजवर बोलावून माइक द्या. मी पाहिलेल्या सभेत सात वक्ते होते. ती नव्हती.

चर्चवाल्यांनी यात खूश व्हायचं कारण नाही, कारण त्यांचंही व्याकरण हेच आहे. जुन्या मिशनच्या अहवालांत ‘इतके आत्मे जिंकले’ असे आकडे असतात. ज्वारीचे पोते मोजावेत तसे. जिंकणारा पाद्री, आणि आत्मा कर्म. आणि आत आल्यावर त्या आत्म्यांना बसवलं कुठं? तमिळनाडूत वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये जातीजातींच्या मध्ये भिंत होती, वेदी एक आणि बसायचे भाग दोन. मदुराईत रॉबर्टो द नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ पासून संन्याशाच्या वेषात राहिला, ब्राह्मणांची जानवी राहू दिली, आणि खालच्या जातींपासून अंतर ठेवून वागला. पुढे त्या जातींसाठी वेगळे मिशनरी नेमले गेले. स्थानिक संस्कृतीशी जुळवून घेणं म्हणून आज त्याचं कौतुक होतं. जुळवून घेतलं खरं, पण कुणाच्या संस्कृतीशी? पहिला दलित कार्डिनल, म्हणजे पोपच्या लगेच खालच्या पदावरचा धर्मगुरू, हैदराबादला झाला तो २०२२ मध्ये.

आणि सरकारचा १९५० चा आदेश. अनुसूचित जातीचा दाखला आधी जवळपास फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती दलिताला नाही. धर्म बदलला की जात गेली, असं कागद म्हणतो. वस्ती तीच, आडनाव तेच, सोयरीक करताना विचारपूस तीच. बाटणे या शब्दात विटाळ आहे, आणि हा एकच विटाळ असा की तो लागल्यावर आधीचा विटाळ धुतला गेला असं सरकार मानतं.

सिस्टरला हे सगळं एकदम सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यानं बोलणं व्हायचं. ती स्वतः सिरियन कॅथलिक घरातली, म्हणजे पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून केरळात असलेल्या ख्रिस्त्यांतली. येशूचा शिष्य सेंट थॉमस याच्यापासून आपली परंपरा आली, असं ते मानतात. पोर्तुगीजांच्या काळात झाले ते लॅटिन कॅथलिक. मी विचारलं, तुमच्या घरात कोण ख्रिस्ती झालं पहिल्यांदा? ती हसली. “आमच्यात कोण बाटला नाही सर. आम्ही सेंट थॉमसपासूनचे. ते लॅटिनवाले नंतरचे.” तिच्या आवाजातली ती किंचितशी उंची मी ओळखली. आपल्याकडे ‘आम्ही मूळचे अमुक गावचे’ म्हणताना येते ना, तीच. पोर्तुगीजांनी १५९९ मध्ये उदयमपेरूरच्या सभेत त्यांच्या प्रार्थना रोमच्या वळणावर आणायचा प्रयत्न केला, आणि १६५३ मध्ये हजारोंनी क्रुसाला दोर बांधून, दोराला हात लावून शपथ घेतली की आम्ही या पाद्र्यांचं ऐकणार नाही. ख्रिस्त्यांनाच पुन्हा ख्रिस्ती करायला निघाले होते, असं तिच्या आजीचं म्हणणं.

परवा तिची मराठीची परीक्षा झाली. मला फोन केला, “सर, एका वाक्यात चुकलो मी.” मी विचारलं, कुठल्या? तर प्रार्थनेच्याच. लिहिताना ‘केली’ लिहिलं होतं, मग खोडून ‘केलो’ केलं. तपासणाऱ्या बाई पुण्याच्या निघाल्या.